आईला अटक होते तेव्हा मुलं कुठे असतात? ट्रॉमा समजून घेऊन न्यायव्यवस्था बदलायची तर, पायरी पायरीने

ट्रॉमा-इन्फॉर्म्ड, म्हणजे माणसाच्या मनावर झालेला आघात लक्षात घेऊन काम करणं, हा शब्द आता प्रत्येक ट्रेनिंगच्या पहिल्या स्लाइडवर असतो आणि दुपारनंतर कुणाच्या लक्षातही राहत नाही. पोस्टर लागतात, भिंतीला फिकट निळा रंग दिला जातो, झडतीच्या खोलीचा दरवाजा मात्र आधीसारखाच सताड उघडा. तुरुंगातल्या बायका आणि त्यांची मुलं यांच्यासोबत बरीच वर्षं काम केल्यावर माझं मत असं झालंय की हे काम स्वभाव सुधारण्याचं कमी आणि कामाची पद्धत बदलण्याचं जास्त आहे. फॉर्ममधला एक रकाना, भेटीची वेळ, कोण कुठे बसतं, आधी काय सांगितलं जातं, असल्या बारीकसारीक गोष्टी. आणि एक साधा प्रश्न, जो बहुतेक ठिकाणी कोणी विचारतच नाही: मुलं कुठे आहेत आत्ता? तुम्ही पोलीस असा, वकील असा, तुरुंगात नोकरीला असा नाहीतर एखाद्या संस्थेत, तुमच्या हातात जी पायरी येते तिथून सुरू करा.

आधी शरीराचं थोडं समजून घ्या

मार खाल्लेली, अत्याचार सोसलेली बाई जबाब देताना तारखा विसरते, मधलं आधी सांगते, कधी एकदम सपाट आवाजात बोलते, कधी भलत्याच जागी हसते. समोरच्याला वाटतं खोटं बोलतेय. खरं तर भीतीच्या क्षणी मेंदू बऱ्याचदा घटना ओळीने साठवत नाही, तुकडे साठवतो, एखादा वास, एखादा आवाज, दाराची कडी. म्हणून वास आणि आवाज लख्ख आठवतो, तो दिवस सोमवार होता की मंगळवार ते आठवत नाही. पळता येत नाही आणि लढताही येत नाही तेव्हा शरीर गोठतं, आणि नंतर तिलाच विचारतात की ओरडली का नाहीस.

मुलांचंही असंच, फक्त ते शब्दात येत नाही. अंथरूण ओलं होतं, शाळेत मारामारी होते, नाहीतर मूल अचानक फारच शहाणं होतं आणि त्या शहाणपणाचं सगळे कौतुक करतात. अमेरिकेत १९९५ ते १९९७ या काळात १७,००० हून जास्त मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणीच्या वाईट अनुभवांबद्दल विचारून एक मोठा अभ्यास झाला होता. घरातलं कोणी तुरुंगात जाणं हा त्यातला एक अनुभव धरला होता, आणि असे अनुभव जितके जास्त तितके मोठेपणी आजार, व्यसन, नैराश्य जास्त असं त्यात दिसलं. म्हणजे आईची शिक्षा मुलाच्या तब्येतीत उतरते, हे काही नुसतं भावनेच्या भरात म्हणायचं वाक्य नाही.

तो प्रसिद्ध सल्ला तुम्ही ऐकला असेल, की ‘तुझं काय चुकलंय’ ऐवजी ‘तुझ्याबरोबर काय झालंय’ असं विचारा. चांगलाय, पण काउंटरवर उभं करून दहा लोकांसमोर विचारलात तर तोसुद्धा त्रासच. आणि अजून एक, तक्रार करणारी बाई आणि आरोपी बाई या दोन वेगळ्या जमाती नाहीत, बऱ्याचदा तीच बाई दोन्ही रजिस्टरमध्ये असते, फक्त दोन्ही रजिस्टर एकत्र कोणी बघत नाही.

पायरी १: तिच्या वाटेने चालून बघा

धोरणाचा कागद लिहायच्या आधी एक दिवस काढा. अटकेपासून कोठडी, कोर्ट, तुरुंगाचं गेट, बराक, भेटीची खोली, सुटका, हा सगळा रस्ता प्रत्यक्ष चाला. सोबत हा अनुभव घेतलेली एक बाई हवीच, आणि तिला तिच्या वेळेचे पैसे द्या, तुमचा सल्लागार फुकट येतो का? प्रत्येक थांब्यावर तीनच गोष्टी लिहा: पुढे काय होणार हे तिला कोणी सांगतं का, तिला कशाला नाही म्हणता येतं का, आणि या क्षणी मूल कुठे आहे.

मग एकदा गुडघ्यांवर बसून तोच रस्ता बघा, साधारण पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून. एका भेटीच्या खोलीत मी हे केलं तेव्हा कळलं की त्या उंचीवरून काउंटरपलीकडचा माणूस दिसतच नाही, दिसतो फक्त पट्टा, चाव्या आणि काठी. इतकी वर्षं तिथे जात होते, कधी लक्षातच आलं नव्हतं.

अमेरिकेच्या एका सरकारी आरोग्य संस्थेने २०१४ मध्ये या कामाची सहा तत्त्वं मांडली, त्यात सुरक्षितता, पारदर्शकपणा, अशाच अनुभवातून गेलेल्यांचा आधार, निवड करायची मोकळीक वगैरे आहे. तत्त्वं ठीकच आहेत, पण ती या वहीतल्या नोंदींवर लावून बघा, भिंतीवर नको.

पायरी २: अटक

मुलासाठी सगळ्यात वाईट पंधरा मिनिटं बहुतेक हीच. मोठ्या पोलीसप्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्येच अटक झालेल्या पालकांच्या मुलांसाठी एक नमुना धोरण काढलंय, त्यामुळे ‘पोलिसांचं हे काम नाही’ असं कोणी म्हणालं तर ते सरळ समोर ठेवा.

अटक आधी ठरलेली असेल तर मुलं घरात नसतानाची वेळ बघा. पण मग शाळेतून आणणार कोण हेही त्याच वेळी ठरवा, नाहीतर मूल संध्याकाळी कुलूप लावलेल्या दारासमोर बसलेलं असतं आणि शेजारीपाजारी त्याला भलतंसलतं सांगत असतात. मूल घरात असेल तर बेड्या त्याच्या नजरेआड घालता येतात का बघा. आईला दोन मिनिटं द्या, तिला स्वतःला मुलाशी बोलू द्या. फोन जप्त करायच्या आधी त्यातले नंबर तिला कागदावर उतरवू द्या, कारण आजकाल पाठ असतो कुणाचा नंबर? मुलाची औषधं, आवडती चादर किंवा खेळणं, शाळेचं दप्तर सोबत जाऊ द्या. ज्यांच्याकडे मूल सोपवताय ते घर सुरक्षित आहे का हे आईलाच आधी विचारा. जवळचा नातेवाईक म्हणजे सुरक्षित असं काही नसतं, तिच्यावर हात उचलणारा माणूसही नातेवाईकच असू शकतो.

एक अडचण इथे नेहमी येते. बाई मुलांबद्दल सांगतच नाही, कारण तिला वाटतं सांगितलं की मुलं काढून घेतील. म्हणून प्रश्न विचारताना कारण आधी सांगा: ‘मुलं एकटी राहू नयेत म्हणून विचारतेय, हे उत्तर तुमच्या केसमध्ये वापरलं जाणार नाही.’ आणि असं म्हणायचं तर तो शब्द खरंच पाळता आला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१० मध्ये स्वीकारलेले महिला कैद्यांसाठीचे बँकॉक नियम, एकूण ७०, या कामाचा पाया आहेत. त्यातला दुसरा नियम म्हणतो की तुरुंगात घ्यायच्या आधी बाईला मुलांची सोय लावू द्या, गरज पडली तर तिला आत घेणं वाजवी काळ लांबणीवरही टाका, आणि तिसरा म्हणतो की मुलांची संख्या आणि माहिती नोंदवा पण ती गोपनीय ठेवा. तुमच्या फॉर्ममध्ये तो रकाना आहे का, आजच उघडून बघा.

पायरी ३: जबाब, आणि इथली एक फसगत

माझी चूक सांगते. सुरुवातीच्या काळात एका बाईचं सगळं ऐकून घेतल्यावर मी अगदी सहज विचारलं, ‘मग तेव्हाच का नाही सांगितलं?’ मला खरंच जाणून घ्यायचं होतं, आरोप नव्हता. तिने पदर सारखा केला, ‘जाऊ दे ताई’ म्हणाली आणि त्यानंतर सहा आठवडे एक शब्द बोलली नाही. हल्ली मी ‘त्यानंतर काय काय झालं’ एवढंच विचारते, उशिराचं कारण आपोआप येतं.

खोलीत दारापर्यंतची वाट मोकळी ठेवा, बाई आणि दार यांच्या मध्ये बसू नका. किती वेळ लागणार, कोण ऐकणार, काय लिहिलं जाणार हे आधी सांगा. ‘जिथून आठवतंय तिथून सांगा’ असं म्हणा, तारखांचा क्रम शेवटी लावता येतो. मूल ऐकू येईल इतक्या जवळ नको, आणि दुभाष्या म्हणून तर मूल कधीच नको, आईवर काय गुदरलं ते स्वतःच्या तोंडाने भाषांतर करून सांगायचं, विचार करा.

मुलाचा जबाब घ्यायचा तर एकदाच, प्रशिक्षित माणसाकडून, रेकॉर्ड करून. आइसलँडमध्ये १९९८ पासून बार्नाहुस म्हणजे मुलांचं घर अशी पद्धत आहे, तिथे पोलीस, वकील, डॉक्टर, समुपदेशक सगळे मुलाकडे येतात, मूल एकाच घरासारख्या जागेत एकाशीच बोलतं आणि बाकीचे दुसऱ्या खोलीत स्क्रीनवर बघतात. नंतर ही पद्धत युरोपात बऱ्याच देशांनी उचलली. तुमच्याकडे इमारत नसेल तरी एकच जबाब हा नियम करायला इमारत लागत नाही. प्रश्न मात्र मोकळे हवेत, ‘काकांनी तुला इथे हात लावला ना?’ असं विचारलंत तर ते मुलालाही वाईट आणि कोर्टात टिकतही नाही.

आता ती फसगत. आरोपी बाईशी गोड बोलून, तिचा ट्रॉमा समजून घेतोय असं दाखवून तिच्याकडून सगळं काढून घेणं, हे मी पाहिलंय आणि ते ट्रॉमा-इन्फॉर्म्ड नाही, ती चौकशीचीच एक युक्ती आहे. ‘तो मारायचा म्हणून तुम्हाला राग आला असेल ना’ या वाक्यात सहानुभूतीही आहे आणि हेतूचा पुरावाही. म्हणून आधी वकील, मग गोष्ट. समुपदेशकाच्या नोंदी कोणाला दिसतात, कोर्ट मागू शकतं का, हे तिला पहिल्याच भेटीत सांगितलं पाहिजे, नाही सांगितलं तर तिचा विश्वास वापरला असंच म्हणावं लागेल.

पायरी ४: कोर्ट आणि शिक्षा

वकिलांनो, ही पायरी तुमची. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयात २००७ मध्ये एक केस झाली, तीन मुलग्यांची एकटी आई, फसवणुकीचा गुन्हा, खालच्या कोर्टाने चार वर्षांची कैद दिलेली. न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांनी निकाल लिहिला की मुलांचा मुख्य सांभाळ करणाऱ्या माणसाला शिक्षा देताना मुलांवर काय परिणाम होईल याची चौकशी कोर्टाने स्वतः केली पाहिजे. तिची उरलेली कैद स्थगित झाली, पण फुकट सुटली नाही, देखरेख, पैसे परत करणं, समाजसेवा अशा अटी होत्याच. आईला शिक्षेतून पळवाट द्यायची नाहीये, मुलांचं टाळता येण्यासारखं नुकसान टाळायचंय, हेही त्यात स्पष्ट आहे. कोणी ‘मुलं आहेत म्हणून माफ करायचं का’ असं विचारलं की मी हीच केस सांगते. बँकॉक नियमांतला ६४ वा नियमही गरोदर बाया आणि लहान मुलांच्या आयांना शक्य तिथे कैदेशिवायची शिक्षा द्या असंच म्हणतो.

मग जामिनाच्या आणि शिक्षेच्या वेळी कोर्टापुढे दोन पानांची एक नोंद ठेवा: मुलं किती, वयं काय, सकाळी उठवण्यापासून रात्री झोपवण्यापर्यंत कोण काय करतं, औषधपाणी, शाळा, आई नसेल तर ही कामं नेमकी कोण करणार आणि त्या माणसाने हो म्हटलंय का. ‘आजी आहे’ एवढं लिहून चालत नाही, आजीचं वय काय, तिचे गुडघे चालतात का, भावंडं एकत्र राहणार का. मुलांना स्वतःचं म्हणणं असतं, तेही विचारा, पण ‘आईला तुरुंगात पाठवू का’ असा निर्णय त्यांच्या गळ्यात घालू नका.

सुनावणीच्या दिवशी बाईला समोरच्या पार्टीच्या शेजारच्या बाकावर दोन तास बसवून ठेवू नये, वेगळी खोली नसेल तर वेगळी वेळ द्या. एवढं तर कुठलंही कोर्ट करू शकतं.

पायरी ५: गेटच्या आत

अंगझडती हा इथला सगळ्यात अवघड भाग. ज्या बाईवर अत्याचार झालाय तिला ‘कपडे काढ’ हे वाक्य म्हणजे पुन्हा तेच. बँकॉक नियम सांगतात की झडती बाईनेच घ्यायची, आणि कपडे उतरवण्याऐवजी स्कॅनसारखे पर्याय आणा. स्कॅनर येईपर्यंत काय? दार बंद, एकच कर्मचारी बाई आणि एक साक्षीदार बाई, कपडे एका वेळी अर्धेच, आणि प्रत्येक गोष्ट करायच्या आधी बोलून दाखवायची: ‘आता मी खांदे तपासतेय, आता पाठीमागे उभी राहतेय, तयार झालात की सांगा.’ यात एका झडतीला थोडा वेळ जास्त जातो, आणि बराकीतला आरडाओरडा, भांडणं, स्वतःला इजा करून घेणं कमी झालं तर तो वेळ भरून निघतो.

रात्री तोंडावर टॉर्च मारून मोजणी करू नका, पायाकडून प्रकाश टाका, नाव घ्या. बाळंतपणाच्या कळा, प्रसूती आणि लगेच नंतरच्या वेळात बेड्या नाहीत, हा २४ वा नियम आहे, त्यात ‘पण सुरक्षेसाठी’ असं काही नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना शिक्षा म्हणून एकटं कोंडायचं नाही.

पायरी ६: भेट

एकदा एक आजी चार वर्षांच्या नातवाला घेऊन भेटीला आली होती. पहाटे निघालेले, दोन गाड्या बदलून, मग गेटवर अडीच तास. नंबर लागला तेव्हा मूल खांद्यावर गाढ झोपलेलं. आजी त्याला हलवत होती, गालावर थोपटत होती, आणि काचेपलीकडून त्याची आई हाताने सारखी खूण करत होती, राहू दे, राहू दे. वीस मिनिटं तिने झोपलेल्या मुलाकडे बघितलं आणि वेळ संपली. नियमाप्रमाणे रजिस्टरमध्ये ‘भेट झाली’ अशी नोंद.

म्हणून भेट मोजताना नुसती संख्या मोजू नका. मुलं असतील त्यांना आधी सोडा. शाळेच्या वेळेशी टक्कर होणार नाही असे दिवस ठेवा. काच नको, मुलाला आईच्या मांडीवर बसता आलं पाहिजे, बँकॉकचा २८ वा नियम मोकळ्या स्पर्शाच्या भेटीचंच सांगतो. जमिनीवर चटई, खडू, दोनचार खेळणी, आणि मुलाने काढलेलं चित्र आईला आत नेता आलं पाहिजे. मुलाची झडती घ्यायचीच असेल तर खेळासारखी, आईच्या किंवा आजीच्या हातात असताना. कौन्सिल ऑफ युरोपने २०१८ मध्ये शिफारस केलीये की पालक आत गेल्यावर मुलाला साधारण एका आठवड्यात पहिली भेट मिळावी आणि पुढे शक्यतो आठवड्यातून एकदा. डेन्मार्कमध्ये प्रत्येक तुरुंगात मुलांची जबाबदारी असलेला कर्मचारी नेमलेला असतो. वेगळी भरती करता येत नसेल तर आहे त्यातल्याच एका समजूतदार माणसाला हे काम नावानिशी द्या, आणि त्याचं दुसरं थोडं काम कमी करा, नाहीतर कागदावरच राहील.

फोनची वेळ मुलाच्या दिवसाप्रमाणे ठेवा, सकाळी अकराला फोन करून काय उपयोग, मूल शाळेत. आणि आईने शिस्त मोडली म्हणून मुलाची भेट बंद करायची नाही, ही शिक्षा ज्याने काही केलं नाही त्याला बसते. बँकॉक नियमांनी हे सरळ मना केलंय.

पायरी ७: आत राहणारं बाळ

देशादेशात वयाची मर्यादा वेगळी. इंग्लंडमध्ये साधारण १८ महिने, भारतात ६ वर्षं, नॉर्वेत मुलं तुरुंगात ठेवतच नाहीत. माझं मत विचाराल तर आकड्यावर फार भांडू नये, बाळ आत असेल तर बाहेरचं जग त्याला रोज भेटतं का यावर भांडावं. बाग, कुत्रा, रस्ता, पुरुषाचा आवाज, या गोष्टी माहीतच नसलेली मुलं मी पाहिलीयेत. आतलं मूल कैदी नाही, त्याला कैद्याचे नियम लावायचे नाहीत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये याच विषयावर बरेच निर्देश दिले, त्यात एक छोटीशी गोष्ट मला फार आवडते: मूल तुरुंगात जन्मलं तरी जन्मदाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहायचं नाही, त्या भागाचा पत्ता लिहायचा. एका ओळीचा बदल, आणि मुलाच्या आयुष्यभराच्या कागदातून तो शब्द गेला.

ताटातूट करायची वेळ आली तर वाढदिवशी सकाळी उचलून नेणं हा अघोरीपणा आहे. दोनतीन महिने आधी सुरू करा: नवीन सांभाळणारी व्यक्ती आत येऊन बाळाशी खेळेल, मग बाळ तिच्याकडे दिवसभर, मग एक रात्र, मग दोन. आईची ओढणी सोबत द्या. आणि त्या रात्री आईजवळ कोणीतरी थांबलं पाहिजे, त्या रात्री ती एकटी नको.

पायरी ८: मुलाला खरं सांगा

आई कामासाठी बाहेरगावी गेलीये, हे सगळ्यात जास्त बोललं जाणारं खोटं. मूल विचार करतं की मग फोन का करत नाही, म्हणजे मी काहीतरी केलं. बालहक्क करारात, १९८९ चा, कलम ९ मध्ये आहे की ताब्यात घेतलेल्या पालकाचा ठावठिकाणा मुलाला कळला पाहिजे, त्याचं अहित होत नसेल तर.

लहान मुलाला एवढं पुरतं: ‘आईने एक मोठा नियम मोडला असं पोलिसांना वाटतंय, म्हणून ती एका जागी राहतेय, तिथून आज घरी येता येत नाही. तुझ्यामुळे झालं नाही. तिला जेवायला मिळतं, झोपायला जागा आहे. रविवारी आपण भेटणार.’ भेटणार हे नक्की असेल तरच म्हणा. मोठ्या मुलांना खटल्याचं नावही सांगावं लागतं, नाहीतर फोनवर शोधतात आणि आपल्यापेक्षा वाईट भाषेत वाचतात. शाळेत कोणाला सांगायचं हे मुलालाच ठरवू द्या.

पायरी ९: सुटका

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा एक अभ्यास २००७ मध्ये आला, त्यात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका बाहेरच्या लोकांपेक्षा १२ पटींहून जास्त निघाला, आणि नशेचा ओव्हरडोस हे मोठं कारण. म्हणून सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, सगळी ऑफिसं बंद झाल्यावर, हातात पिशवी देऊन गेटबाहेर सोडू नका. कागद, औषधं, रात्री झोपायची जागा आणि एक माणूस, चारही आधी ठरलेलं हवं.

मुलं लगेच गळ्यात पडतील असं धरू नका. कितीतरी मुलं आई आल्यावर पहिले काही दिवस तिच्याशी बोलत नाहीत, सांभाळणाऱ्या मावशीलाच बिलगतात, आणि आई बिचारी समजते की आपण गमावलं. हे होणार हे तिला आधीच सांगून ठेवा. मावशीकडून ताबा एका दिवसात काढून घेण्यापेक्षा आधी दुपार, मग शनिवार-रविवार असं करा.

ब्रिटनमध्ये स्टायल तुरुंगात एका वर्षात सहा बायकांचे मृत्यू झाल्यावर जीन कॉर्स्टन यांनी २००७ मध्ये अहवाल दिला, त्यात ४३ शिफारशी होत्या. मोठे महिला तुरुंग कमी करून लहान केंद्रं आणि समाजातच बायकांसाठी मदतकेंद्रं करा, हा त्याचा गाभा. सुटलेल्या बाईला दहा खिडक्या फिरवण्याऐवजी वकील, समुपदेशक, घर शोधायला मदत, मुलांना बसायला जागा एकाच छताखाली, ही कल्पना कुठेही लहान प्रमाणात करून बघता येते, आठवड्यातून एक दिवस, उसनी घेतलेली खोलीसुद्धा चालते.

पायरी १०: कर्मचारी, आणि मोजमाप

रोज हे ऐकणाऱ्या माणसाचं काय? चिडचिड, झोप उडणं, नाहीतर एकदम दगड होणं. झडती घेणारी शिपाई बाईसुद्धा घरी जाऊन काही सोसत असू शकते. अवघड घटनेनंतर त्याच दिवशी अर्धा तास बोलायची सोय, ड्युटी बदलून मागायची मुभा, आणि वरच्या साहेबांनी तसं मागणाऱ्याला कच्चा समजायचं नाही.

मोजायचं काय तर थोडंच. किती बायकांना मुलांबद्दल पहिल्या तासात विचारलं, किती मुलांची पहिली भेट आठवड्यात झाली, भेटीआधी गेटवर सरासरी किती वेळ गेला, एका मुलाचा जबाब किती वेळा घेतला, उघड्या दारात किती झडत्या झाल्या. तीन महिने एकाच ठिकाणी करून बघा. पहिल्या महिन्यात आकडे भयंकर दिसतील, कारण आधी कोणी मोजतच नव्हतं. वरून फोन येईल की हे असं कसं पाठवलं, जरा नीट करून पाठवा. तेच आकडे पुन्हा पाठवा.